कॉलेज फुटबॉलचा नवा हेड कोच कसा निवडतात: नवीन आलेल्यांसाठी पायरी पायरीने

नोव्हेंबर संपत आला की अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या युनिव्हर्सिटीच्या गावात एकच विषय चघळला जातो, कोचला काढणार की ठेवणार. पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम, ॲरिझोना स्टेट अशा ठिकाणी दरवर्षी आपली मराठी पोरं येतात, सीनियरच्या नादाने अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला जातात, नियम अर्धे कळतात अर्धे नाही, आणि मग एका रविवारी बातमी येते की हेड कोचला नारळ दिला. त्यानंतर दोन-तीन आठवडे लॅबमधला पोस्टडॉक काय, बसचा ड्रायव्हर काय, सगळे फक्त "सर्च"बद्दल, म्हणजे नव्या कोचच्या शोधाबद्दल, बोलतात आणि आपण नुसती मान डोलावतो. तर ही सगळी भानगड चालते कशी, निर्णय कोण घेतं, आणि बाहेर बसून आपल्याला ती निवड बरी की वाईट हे कसं ओळखता येईल ते सांगतो. मी इंडियाना राज्यात राहतो त्यामुळे उदाहरणं इथली जास्त येतील, आणि खरं सांगायचं तर यापेक्षा चांगली उदाहरणं मिळणारही नाहीत.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात फिट करा. आपल्याकडे क्रिकेटमध्ये कोच कोण यावर फारसं अडत नाही, सिलेक्टर वेगळे, कॅप्टन वेगळा, बोर्ड वेगळं. इथे हेड कोच म्हणजे हे सगळं एकाच माणसात. १०५ पोरांचा रोस्टर तोच जमवतो, असिस्टंट तोच नेमतो, देणगीदारांशी गोड तोच बोलतो, आणि बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकरही तोच असतो. म्हणून एवढा गोंधळ.

पायरी १: आधी जाणाऱ्याचा हिशोब करा

नवीन लोक थेट "पुढचा कोण" वर उडी मारतात, पण आधी बघायचं ते जाणाऱ्याला किती द्यायचेत. याला बायआउट म्हणतात. करार संपायच्या आत हकालपट्टी केली तर उरलेल्या वर्षांचे पैसे, पूर्ण किंवा ठरलेला हिस्सा, युनिव्हर्सिटीने मोजायचे.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण टेक्सस ए अँड एमचं. जिंबो फिशरला २०१७ मध्ये १० वर्षांचा ७५ मिलियनचा करार दिला, पूर्ण गॅरंटीड. २०२० चा सीझन ९-१ (नऊ जिंकल्या, एक हरली) गेला म्हणून खूश होऊन २०२१ मध्ये तो करार २०३१ पर्यंत वाढवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला काढलं तेव्हा बिल आलं साधारण ७६ मिलियन डॉलर, म्हणजे आपले सहाशे कोटींच्या वर, काम न करण्याचे! आणि करारातली बारीक अक्षरं बघा, चौथा हिस्सा ६० दिवसांत रोख, बाकीचे २०३१ पर्यंत दरवर्षी हप्त्याने, आणि त्याने दुसरीकडे नोकरी धरली तरी यातून एक पैसा कमी होणार नाही.

हे शेवटचं कलम नीट लक्षात ठेवा कारण बरेच करार याच्या उलट असतात. पेन स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये जेम्स फ्रँकलिनला काढलं, जानेवारीत प्लेऑफची, म्हणजे देशाचा चॅम्पियन ठरवणाऱ्या स्पर्धेची, सेमीफायनल खेळलेली टीम, सीझनच्या आधी देशात दोन नंबरला धरलेली, आणि सलग तीन मॅच हरली तर माणूस बाहेर. त्याचा बायआउट ४९ मिलियनच्या आसपास होता, पण महिनाभरात व्हर्जिनिया टेकने त्याला घेतलं आणि बातम्यांनुसार पेन स्टेटचा बोजा ९ मिलियनवर आला. म्हणजे दोन युनिव्हर्सिट्यांनी एकच चूक केली, सीझन फसला, पण एकीला ७६ चा फटका आणि दुसरीला ९ चा, फरक फक्त कागदावरच्या दोन ओळींचा.

तारीख पण बघायची. नेब्रास्काने स्कॉट फ्रॉस्टला ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती तर बायआउट १५ वरून साडेसात मिलियनवर आला असता. तीन आठवडे! पण आदल्या दिवशी जॉर्जिया सदर्नसारख्या टीमकडून घरच्या मैदानावर ४५-४२ हरले होते आणि पब्लिक इतकी पेटली होती की वीस दिवसांची किंमत साडेसात मिलियन मोजायला ते तयार झाले. यावरून कळतं की हे निर्णय फक्त एक्सेल शीटवर होत नाहीत.

पायरी २: कॅलेंडर भिंतीवर लावा

"एवढी घाई कशाला, नीट शोधा की" असं आपल्याला वाटतं. पण घाईला कारण आहे. हायस्कूलची पोरं पुढे कुठल्या युनिव्हर्सिटीकडून खेळणार त्या करारावर डिसेंबरच्या पहिल्या बुधवारपासून सह्या करतात. रेग्युलर सीझन संपतो नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी. मध्ये उरतात जेमतेम तीन-चार दिवस. त्यानंतर जानेवारीत ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना युनिव्हर्सिटी बदलायची सोय, उघडतं, २०२६ ला २ ते १६ जानेवारी अशी एकच खिडकी होती, आणि त्याशिवाय कोच बदलला तर त्या टीमच्या पोरांना वेगळी १५ दिवसांची खिडकी मिळते. म्हणजे कोच नसलेली टीम एका महिन्यात अर्धी रिकामी होऊ शकते.

म्हणूनच २०२५ मध्ये लेन किफिनने जे केलं ते घडलं. तो कोच असलेली ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) ११-१, शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा प्लेऑफ, आणि कोच ३० नोव्हेंबरला एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) निघून गेला कारण एलएसयू जानेवारीपर्यंत थांबायला तयार नव्हती, सह्या ३ डिसेंबरला होत्या. ओल मिसने त्याला प्लेऑफमध्ये कोचिंग करू दिलं नाही, डिफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्स सांभाळणारा मुख्य असिस्टंट, पीट गोल्डिंगला कायमचा हेड कोच केलं. किफिनला शिव्या घालणारे खूप भेटतील, माझ्या मते शिव्या कॅलेंडर बनवणाऱ्यांना घालायला पाहिजेत.

याच कारणामुळे हल्ली सीझनच्या मध्यातच कोच काढतात, ऑक्टोबरमध्ये. शोधायला सहा आठवडे मिळतात आणि एखादा असिस्टंट इंटरिम म्हणजे हंगामी कोच म्हणून गाडा ओढतो.

पायरी ३: निर्णय कुणाच्या हातात आहे ते शोधा

कागदावर निर्णय ॲथलेटिक डायरेक्टरचा, ज्याला सगळे एडी म्हणतात. त्याच्यावर युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट, त्याच्यावर ट्रस्टी किंवा रीजेंट्सचं बोर्ड जे शेवटी करार मंजूर करतं. प्रत्यक्षात मात्र बायआउटचा चेक फाडणारे श्रीमंत माजी विद्यार्थी असतात, त्यांना बूस्टर म्हणतात, आणि ज्याचा चेक त्याचं मत. सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर राजकारणीही नाक खुपसतात. एलएसयूने ब्रायन केलीला काढलं तेव्हा लुइझियानाचा गव्हर्नर उघडपणे बोलला की पुढचा कोच हा एडी निवडणार नाही, आणि काही दिवसांत एडी स्कॉट वुडवर्डच गेला. गंमत म्हणजे २०१७ मध्ये जिंबोला तो ७५ मिलियनचा करार देताना ए अँड एमचा एडी हाच होता.

मग येते सर्च फर्म. फी घेऊन हे लोक इच्छुकांशी गुपचूप बोलतात, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर एडी छातीठोकपणे सांगू शकतो की मी कुणाशीही बोललो नाही. आणि दुसऱ्या बाजूला एजंट. जिमी सेक्स्टन हे एक नाव पाठ करा, अलाबामाचा जुना कोच निक सेबन, किफिन, जिंबो सगळे याचेच क्लायंट. आठवड्यातून एकदा तरी तुम्हाला वाचायला मिळेल की अमुक मोठ्या युनिव्हर्सिटीचा आमच्या कोचवर डोळा आहे. त्यातल्या कित्येक बातम्या पगारवाढीसाठी पेरलेल्या असतात. पेन स्टेटची जागा १२ ऑक्टोबर २०२५ ला रिकामी झाली आणि त्याच आठवड्यात इंडियानाने आपल्या कोचचा करार वर्षाला सरासरी ११.६ मिलियनवर नेला. कुणाला फोन आला होता की नव्हता ते देव जाणे, जागा रिकामी झाली एवढंच पुरलं.

पायरी ४: आपली लायकी तपासा

हे कुणालाच आवडत नाही. प्रत्येक टीमच्या फॅनला वाटतं आपली नोकरी देशातल्या टॉप दहात आहे. विचारायचे प्रश्न साधे आहेत. तीन-चार तासांच्या अंतरात चांगली हायस्कूल टीम्स किती? २०२५ पासून युनिव्हर्सिटी थेट खेळाडूंना पैसे देऊ शकते, सगळ्या खेळांत मिळून पहिल्या वर्षी मर्यादा साधारण २०.५ मिलियनची, त्यातले फुटबॉलला किती? असिस्टंटच्या पगाराचा गल्ला केवढा? चांगला एजंट पगाराच्या आधी हे विचारतो. त्याला उत्तर पटलं नाही तर तुमचा आवडता कोच तुमचा फोनही उचलणार नाही, आणि उचललाच तर पगारवाढीसाठी.

पायरी ५: लिस्ट बनवा, आणि इथे जरा बसून विचार करा

साधारण चार प्रकारचे उमेदवार असतात. छोट्या युनिव्हर्सिटीत जिंकणारा हेड कोच, मोठ्या टीमचा नावाजलेला कोऑर्डिनेटर, एनएफएलवाला (म्हणजे प्रोफेशनल लीगमधला) किंवा मोठं नाव, आणि घरचा माणूस म्हणजे आपलाच माजी खेळाडू किंवा सध्याचा असिस्टंट.

आता इंडियानातली दोन गावं घ्या, वेस्ट लाफायेत आणि ब्लूमिंग्टन, गाडीने दोनेक तास. पर्ड्यूचा जेफ ब्रॉम २०२२ मध्ये टीमला बिग टेन या युनिव्हर्सिट्यांच्या गटाच्या फायनलपर्यंत नेऊन आपल्या जुन्या कॉलेजला, लुइव्हिलला, निघून गेला. पर्ड्यूने घेतला रायन वॉल्टर्स, ३६ वर्षांचा, इलिनॉयच्या डिफेन्सचा कोऑर्डिनेटर, त्या वर्षी त्याचा डिफेन्स देशात गाजत होता, सगळे म्हणाले वा, तरुण रक्त. हेड कोच म्हणून पहिलीच नोकरी. पहिल्या वर्षी ४-८, दुसऱ्या वर्षी १-११.

बरोबर एका वर्षाने, नोव्हेंबर २०२३ मध्ये, इंडियानाने ३-९ नंतर कोच बदलला. ही टीम त्यावेळी मोठ्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वात जास्त मॅचेस हरलेली. एडी स्कॉट डॉल्सनने आणला कर्ट सिग्नेटी, वय ६२, जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून. बऱ्याच लोकांनी नावच ऐकलं नव्हतं. पण हा माणूस एकेकाळी अलाबामात निक सेबनचा असिस्टंट होता, तिथली मलईची नोकरी सोडून २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन टू, म्हणजे खालच्या स्तरातल्या, कॉलेजचा हेड कोच झाला, मग ईलॉन, मग जेम्स मॅडिसनला ५२-९. हेड कोच म्हणून एकही सीझन तोट्यात नाही. पत्रकारांना म्हणाला मी जिंकतो, गुगल करून बघा.

पुढे काय झालं ते माहीतच असेल. ३० नोव्हेंबर २०२४ ला दोन्ही टीम समोरासमोर आल्या आणि इंडियानाने ६६-० धुतलं. दुसऱ्या दिवशी वॉल्टर्स गेला. जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना १६-० करून नॅशनल चॅम्पियन झाली.

यातून "कोऑर्डिनेटर घेऊच नका" असा अर्थ काढू नका. कर्बी स्मार्ट अलाबामाचा कोऑर्डिनेटर होता, जॉर्जियाने घेतला, दोन चॅम्पियनशिप दिल्या. मार्कस फ्रीमनला नोट्र डेमने आतूनच वर चढवलं, तो फायनलपर्यंत गेला. पण जॉर्जिया आणि नोट्र डेमला पोरं आणि पैसा आधीच भरलेला असतो, तिथे नवखा माणूस दोन वर्षं चुकत चुकत शिकू शकतो. पर्ड्यू किंवा इंडियानासारख्या ठिकाणी शिकायला वेळच नसतो, तिथे ज्याने कमी सामानात घर चालवून दाखवलंय असाच माणूस लागतो. माझं मत विचाराल तर अशा ठिकाणी लिस्टमधली पहिली तिन्ही नावं सध्या कुठेतरी हेड कोच असलेलीच पाहिजेत.

मोठ्या नावांबद्दल थोडक्यात: बिल बेलिचिक, हेड कोच म्हणून सहा सुपर बोल म्हणजे एनएफएलच्या फायनल जिंकलेला, नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२४ मध्ये आणला, पहिला सीझन ४-८. आणि घरचा माणूस म्हणाल तर वर आलेला फ्रॉस्ट, तो नेब्रास्काचा स्वतःचा हिरो क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) होता, १६-३१.

पायरी ६: रेकॉर्ड वाचायला शिका

नुसता जिंकले-हरले आकडा बघू नका. तो यायच्या आधी ती टीम कशी होती आणि तो गेल्यावर कशी झाली हे बघा. पोरं त्याने आणलेली की आधीच्याने? त्याचा कोऑर्डिनेटर सोडून गेला त्या वर्षी टीम पडली का? पडली असेल तर अक्कल कुणाची होती ते कळलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्याबरोबर कोण कोण येणार. सिग्नेटीने दोन्ही कोऑर्डिनेटर आणि जेम्स मॅडिसनचे डझनभर खेळाडू बरोबर आणले, म्हणजे ब्लूमिंग्टनला पहिल्याच दिवशी सिस्टिम माहीत असलेली पोरं होती.

खालच्या डिव्हिजनचं रेकॉर्ड आहे म्हणून नाक मुरडू नका. केलन डीबोअरने साउथ डकोटातल्या सू फॉल्स नावाच्या छोट्या कॉलेजला ६७-३ केलं होतं, पुढे वॉशिंग्टनला नॅशनल फायनलला नेलं आणि आता अलाबामात आहे.

पायरी ७: माणूस तपासा

हे कंटाळवाणं काम आहे पण इथेच अब्रू जाते. नोट्र डेमने डिसेंबर २००१ मध्ये जॉर्ज ओलिअरीला घेतलं आणि पाच दिवसांत त्याला राजीनामा द्यावा लागला, बायोडेटात नसलेली मास्टर्स डिग्री आणि न खेळलेलं कॉलेज फुटबॉल लिहिलेलं निघालं. आपल्याकडे साध्या आयटीच्या नोकरीला डिग्रीचं व्हेरिफिकेशन करतात हो!

दुसरा भाग म्हणजे आपलीच पब्लिक. टेनेसीने नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्रेग शियानोशी जवळपास ठरवलं होतं, रविवारी दुपारी बातमी फुटली आणि संध्याकाळपर्यंत कॅम्पसवर इतका राडा झाला की करार मोडला, आठवड्याच्या आत एडीचीही नोकरी गेली. ए अँड एमनेही २०२३ मध्ये केंटकीचा मार्क स्टूप्स जवळपास नक्की केल्याच्या बातम्या होत्या, शनिवारी रात्री फॅन्स भडकले, रविवार उजाडायच्या आत तो केंटकीतच राहणार असं त्याने जाहीर केलं आणि मग त्यांनी माइक एल्को घेतला. एल्को आधी तिथेच डिफेन्स बघायचा आणि नंतर ड्यूकला हेड कोच होता, म्हणजे ओरडणाऱ्यांमुळे शेवटी बरंच झालं, पण दरवेळी असं होईल याचा भरवसा नाही.

पायरी ८: अफवांच्या दिवसांत डोकं थंड ठेवा

या काळात लोक अक्षरशः प्रायव्हेट विमानांचे टेल नंबर ट्रॅक करत बसतात. अमुक बूस्टरचं विमान तमुक गावात उतरलं म्हणजे कोच ठरला. बघायला मजा येते, पण बऱ्याचदा तो बूस्टर आजीला भेटायला गेलेला असतो. आणि कोच स्वतः नाही म्हणाला तर त्याला काडीची किंमत देऊ नका. निक सेबन डिसेंबर २००६ मध्ये एनएफएलच्या मायामी डॉल्फिन्सचा कोच असताना स्पष्ट म्हणाला होता की मी अलाबामाचा कोच होणार नाही. दोन आठवड्यांत झाला. त्याच्या आधी अलाबामाला रिच रॉड्रिगेझने नकार दिला होता, म्हणजे पहिली पसंती हुकली म्हणून रडणाऱ्यांनी हे आठवावं, हुकलेल्या पसंतीनंतर सहा चॅम्पियनशिप आल्या.

साखळीकडे मात्र नक्की लक्ष ठेवा. सेबन १० जानेवारी २०२४ ला रिटायर झाला, दोन दिवसांत अलाबामाने वॉशिंग्टनचा डीबोअर उचलला, वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा जेड फिश, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन, आणि सॅन होजेने नेव्हीचा जुना कोच केन निऊमातालोलो. एक म्हातारा घरी बसला आणि चार कॅम्पसवर नवीन कोच! तुमची टीम छोटी असेल तर तुमचा कोच कधी जाईल हे तुमच्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या हातात असतं, त्यामुळे शहाणा एडी सगळं छान चाललेलं असतानाही खिशात पाच नावांची चिठ्ठी ठेवतो.

पायरी ९: करार वाचा, खरंच वाचा

सरकारी युनिव्हर्सिटीचा कोचचा करार ही पब्लिक रेकॉर्डमधली गोष्ट आहे, स्थानिक पेपरवाले मिळवतात आणि छापतात. नोट्र डेमसारख्या खासगी ठिकाणी हे मिळत नाही. वाचताना तीन जागा शोधा. काढलं तर किती, आणि दुसरी नोकरी लागली तर त्यातून वजा होतात का. तो स्वतः सोडून गेला तर त्याने आपल्याला किती द्यायचे, डीबोअर गेला तेव्हा वॉशिंग्टनला साधारण १२ मिलियन मिळाले. आणि "फॉर कॉज" म्हणजे गैरवर्तनासाठी काढलं तर पैसे न देण्याचं कलम किती घट्ट लिहिलंय. मिशिगन स्टेटने मेल टकरला १० वर्षांचे ९५ मिलियन दिले होते, २०२३ मध्ये याच कलमाखाली काढलं.

प्रेस कॉन्फरन्समधला "कल्चर", "फॅमिली", "बिल्ड" हा सगळा भाग सोडून दिलात तरी चालेल.

पायरी १०: पहिला महिना

आता कोच आला, बँड वाजला, बास्केटबॉल मॅचच्या हाफटाइमला त्याच्या हातात माइक दिला. तुम्ही पुढच्या तीस दिवसांत स्टाफ बघा, कोऑर्डिनेटर त्याचे जुने विश्वासू आहेत की एजंटने गळ्यात मारलेले. पोर्टलमधून कोण गेलं यापेक्षा कोण थांबलं ते मोजा, खास करून क्वार्टरबॅक आणि दोन्हीकडच्या लाइनवाले, कारण ही पोरं बाजारात सगळ्यात महाग मिळतात. टीमचा जनरल मॅनेजर कोण, पोरांचे पैसे कोण वाटतं, तेही बघा, स्टॅनफर्डने तर यासाठी आपला जुना क्वार्टरबॅक अँड्र्यू लक बसवलाय.

आणि एप्रिलच्या सुमारास स्प्रिंगची प्रॅक्टिस किंवा मॅच लोकांसाठी उघडी ठेवली तर जरूर जा, बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं किंवा नाममात्र असतं, थंडी संपत आलेली असते. बॉलकडे बघू नका, साइडलाइनला दोन ड्रिलच्या मध्ये किती वेळ फुकट जातो ते बघा, असिस्टंट कुणाकडे बघून हलतात ते बघा. हे बघायला नियम पाठ असावे लागत नाहीत.